‘नोंद आढळत नाही’ : नावांच्या यादीत संगणक नेमके काय शोधतो?

‘नोंद आढळत नाही’ या तीन शब्दांवर आपल्याकडे बरेच काही अडते. वारसनोंद अडते, दाखला अडतो, कुळाचा माग काढणाऱ्याचा माग तिथेच संपतो. पूर्वी हे तीन शब्द लिहिणारा माणूस निदान दप्तर उघडून, बोट फिरवीत पाने उलटायचा. ‘पांडुरंग’ शोधताना ‘पाण्डुरंग’ समोर आला तर त्याचे बोट आपोआप थांबायचे. आज यादी पडद्यावर असते, शोधाच्या चौकटीत नाव टाइप केले की पापणी लवायच्या आत उत्तर येते. ते इतक्या झटपट आणि इतक्या ठामपणे येते की, त्यावर शंका घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेख त्या उत्तरामागे काय घडते, याविषयी आहे.

जुन्या नोंदवह्यांतली नावे संगणकावर उतरवण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे. गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, ज्याला गावात ‘कोतवाल बुक’ म्हणतात, ती; आणि तिच्या आगेमागची मोडी कागदपत्रे. उतरवलेल्या नावांची यादी काही हजार ओळींची आहे आणि तिच्यावर शोध घेणारे एक साधे पान मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले आहे. संगणकशास्त्र मी कुठे शिकलो नाही. गरज पडेल तसतसे पुस्तकांतून आणि करून पाहण्यातून हाती लागले. त्यामुळे इथे जे सांगतो आहे, ते प्रोग्रामरांसाठी नसून यादी बाळगणाऱ्यांसाठी आणि यादीत काही शोधणाऱ्यांसाठी आहे.

जावास्क्रिप्टच का, तर ती आयती असते. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला अवतार अवघ्या दहा दिवसांत उभा केला. घाईच्या खुणा तिच्या अंगावर अजूनही दिसतात, पण आज ती नाही असा ब्राउझर सापडणार नाही. पान पेनड्राइव्हवर घेऊन ज्या गावात इंटरनेटची रड आहे तिथल्या ग्रामपंचायतीच्या संगणकावर उघडले, तरी ते चालते. काहीही बसवावे लागत नाही. आमच्यासारख्यांना एवढे पुरते.

या भाषेत यादीला ‘ॲरे’ म्हणतात आणि यादीतल्या प्रत्येक मजकुराला ‘स्ट्रिंग’. एकामागे एक कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक ओळ, असे डोळ्यांपुढे आणावे. पहिल्या कप्प्याचा क्रमांक शून्य असतो, ही एक खोड. आता या कप्प्यांत ‘राम’ शोधायचा आहे. भाषेत त्यासाठी ‘इन्क्लूड्स’ नावाची आज्ञा आहे. नवशिक्या ती सरळ यादीला देतो आणि उत्तर येते ‘नाही’. यादीत तुकाराम आहे, सीताराम आहे, रामचंद्र आहे, आणि तरी ‘नाही’. कारण यादीला विचारलेले ‘इन्क्लूड्स’ म्हणजे ‘यातला एखादा अख्खा कप्पा तंतोतंत असाच आहे का?’ हा प्रश्न. तोच शब्द एका ओळीला विचारला, तर त्याचा अर्थ ‘या ओळीत कुठेही हा तुकडा आहे का?’ असा होतो. आज्ञा एकाच नावाची, कामे दोन. ‘घरात राम आहे का’ आणि ‘नावात राम आहे का’ यांत जो फरक, तोच हा. म्हणून यादीवरून एकेक ओळ घेत जायची, प्रत्येकीला दुसरा प्रश्न विचारायचा आणि ‘होय’ म्हणणाऱ्या ओळी बाजूला काढायच्या. या बाजूला काढण्याला ‘फिल्टर’ म्हणतात, आणि खरा शोध तोच.

जाता जाता या नावाची गंमत सांगतो. ही आज्ञा मुळात ‘कंटेन्स’ या नावाने येणार होती. परंतु मूटूल्स नावाच्या एका लोकप्रिय साधनसंचाने त्याच नावाची स्वतःची आज्ञा आधीच करून ठेवलेली होती आणि दोघींची चाल वेगळी होती. नवी आज्ञा ब्राउझरमध्ये येताच ते जुने संच वापरणारी संकेतस्थळे मोडू लागली. अखेर नाव बदलून ‘इन्क्लूड्स’ ठेवले गेले. ते ओळींसाठी २०१५ च्या आणि याद्यांसाठी २०१६ च्या आवृत्तीत अधिकृत झाले. त्याआधी ‘इंडेक्सऑफ’ वापरत. ते जागा सांगते, नसेल तर उणे एक सांगते. गोम अशी की, तुकडा ओळीच्या अगदी आरंभी असेल तर जागा शून्य येते आणि जावास्क्रिप्ट शून्याला ‘नाही’ समजते. उत्तर उणे एकशी ताडून न पाहता नुसते ‘सापडले का?’ असे विचारणाऱ्या पानावर ‘रामचंद्र’ गायब होतो आणि ‘तुकाराम’ दिसतो.

‘फाइंड’ नावाची आणखी एक आज्ञा आहे. ती पहिली जुळणारी ओळ दिली की थांबते. दुकानातल्या वस्तूंच्या यादीला ते चालत असेल, नोंदवहीला मुळीच चालत नाही. एका गावात एकाच नावाचे तीन-तीन पुरुष असतात, बापाचे नाव नातवाला ठेवलेले असते. पहिला सापडलेला गणपत आपला गणपत आहे असे मानून पुढे गेलेली वंशावळ मी पाहिली आहे.

इथपर्यंतचे सगळे इंग्रजी यादीलाही लागू आहे. आपली खरी अडचण यापुढे सुरू होते.

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडने एक क्रमांक दिला आहे. हे क्रमांक भारताच्या इस्की या प्रमाणाच्या १९८८ च्या मांडणीवरून घेतलेले असून देवनागरीचा १२८ जागांचा वाडा २३०४ पासून २४३१ पर्यंत पसरलेला आहे. ‘राम’ म्हणजे २३५२, २३६६, २३५० : र, काना, म. काना हे वेगळे चिन्ह, पाय मोडणे म्हणजे हलन्त हेही वेगळे चिन्ह, अनुस्वार वेगळे. ‘ज्योत्स्ना’ आपण दोन अक्षरी नाव म्हणतो. जावास्क्रिप्टला तिची लांबी विचारली तर ती १० सांगते. ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न, काना. मोजून पाहावे.

या मोजणीचे परिणाम विचित्र होतात. ‘राम’ शोधला की ‘आराम’ येतो, हे समजण्यासारखे आहे. पण ‘ग्रामपंचायत’ही येते! ‘ग्रा’ म्हणजे ग, हलन्त, र, काना; पुढे म. त्यातला र, काना, म हा तुकडा ‘राम’शी अंकन् अंक जुळतो. कागदावर ‘ग्राम’मध्ये ‘राम’ वाचणारा माणूस विनोदी ठरेल, संगणक ते गंभीरपणे करतो. ‘वर’ शोधला तर ‘ईश्वर’ आणि ‘स्वर’ दोघे हजर. उजवीकडेही तसेच. ‘मन’ शोधला तर ‘मनी’ आणि ‘मन्या’ येतात, कारण न नंतरची वेलांटी किंवा हलन्त त्याला दिसतच नाही. त्याचे दोन अंक संपले की त्याचे समाधान होते.

इंग्रजीत यावर ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ची शब्दसीमा हा उतारा आहे. आपल्याला तो निरुपयोगी. जावास्क्रिप्टची ही शब्दसीमा फक्त रोमन अक्षरे, इंग्रजी आकडे आणि अधोरेषा यांनाच शब्दाचा भाग मानते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिच्या लेखी शब्दाबाहेरचे. ‘राम’च्या दोन्ही बाजूंना सीमा मागितली तर सुटा ‘राम’सुद्धा सापडत नाही. २०१८ पासून युनिकोडचे गुणधर्म विचारता येतात : हे चिन्ह वर्ण आहे की वर्णाला जोडलेली खूण? त्याचा आधार घेऊन मी दोन अटी घालतो. सापडलेल्या तुकड्याच्या अलीकडे हलन्त नको, आणि पलीकडचे चिन्ह मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त नको. एवढ्याने ‘ग्राम’ आणि ‘मनी’ गळतात, ‘तुकाराम’ राहतो. पुरे शब्दच हवे असतील तर ओळ मोकळ्या जागांवर तोडून शब्दशब्द ताडावे, हे सर्वांत सरळ.

नको ते सापडणे हा त्रास आहे, घात नाही. डोळा नको असलेले गाळतो. हवे ते न सापडणे हा घात, कारण जे दिसलेच नाही त्यावर डोळा काय करणार?

त्यातला सर्वांत मोठा घातकी म्हणजे ‘ऱ्य’. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. ‘आचार्यास’ बोलावले तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यास’ बोलावले तर स्वयंपाकी. हिंदी-संस्कृतला या दुसऱ्या र ची गरज नाही, त्यामुळे तो टाइप करायची सोय जो तो आपापल्या परीने करीत आला. आज ‘ऱ्य’ लिहायचे तीन मार्ग प्रचलित आहेत. एक, २३५३ क्रमांकाचा नुक्तेवाला र, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र २३५२, वेगळा नुक्ता २३६४, हलन्त, य. तिसरा, साधा र, हलन्त, त्यानंतर ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह, आणि य. तिन्ही पडद्यावर आणि कागदावर अगदी सारखी दिसतात. तज्ज्ञालासुद्धा डोळ्यांनी फरक सांगता येणार नाही. संगणकाला मात्र हे तीन वेगळे शब्द. शिवाय चौथा एक वर्ग आहे : ज्यांना ही अक्षरे टंकता येत नाहीत, ते सरळ रफार देऊन मोकळे होतात आणि गोऱ्हे यांचे ‘गोर्हे’ करतात.

परिणाम काय होतो तो पाहा. यादी उतरवणाऱ्याचा कळफलक एका पद्धतीचा, शोधणाऱ्याचा मोबाइल दुसऱ्या पद्धतीचा. अशा वेळी गोऱ्हे, कुऱ्हाडे, कऱ्हाडे, बऱ्हाटे ही सगळी घराणी यादीतून एकदम नाहीशी होतात, आणि पाटील, जाधव, मोरे जसेच्या तसे सापडतात. हे नाहीसे होणे सगळीकडे सारखे पसरलेले नाही. ते ठरावीक आडनावांवर, ठरावीक गावांवर पडते. उद्या कोणी या यादीवरून ‘अमुक गावात अमुक कुळाची वस्ती नव्हती’ असा निष्कर्ष काढला, तर तो इतिहासाचा नसून कळफलकाचा निष्कर्ष असेल. म्हणूनच ही गोष्ट मला फक्त तांत्रिक वाटत नाही.

भाषेने यावर ‘नॉर्मलाइझ’ नावाची आज्ञा २०१५ पासून दिली आहे. ती युनिकोडच्या नियमांप्रमाणे सममूल्य रूपांचे एक रूप करते. वरच्या तीन मार्गांपैकी पहिले दोन ती एक करते. तिसऱ्याला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दफ्तरी ते सममूल्य नाही. ‘ॲ’चेही तेच. हे अक्षर स्वतंत्र क्रमांकाने, २४१८ ने, युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचे लोक अ लिहून वर चंद्र देत. हिंदी पद्धतीचा कळफलक वापरणारे ‘ऍ’ देतात, त्याचा क्रमांक २३१७. ‘ॲडव्होकेट’ म्हणून शोधणाऱ्याला तीनपैकी एका प्रकारचेच वकील सापडतात, आणि नॉर्मलाइझ इथे काहीच करीत नाही. तेव्हा ‘नॉर्मलाइझ केले आहे’ असे सांगणाऱ्याला ‘पुढे काय केले?’ असे जरूर विचारावे.

उलट बाजूचे एक उदाहरण देणे न्याय्य होईल. मराठी वळणाचा श आणि ल, व हिंदी वळणाचा श आणि ल हे कागदावर भिन्न दिसतात, पण संगणकात त्यांचा क्रमांक एकच. तो फरक फाँटचा. वाचकाला जिथे फरक दिसतो तिथे शोधाला अडचण नाही, आणि जिथे फरक दिसत नाही तिथे सगळी अडचण, असा हा उफराटा कारभार आहे. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेल्या जुन्या फायली तर आणखी वेगळ्या. त्यांत पोटी रोमन चिन्हेच असतात, वर देवनागरीचा मुखवटा. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्या लागतात. त्याशिवाय शोधाची भाषाच नको.

आता शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले. त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले. त्याआधीच्या कागदांत ‘नांव’, ‘गांव’, ‘कवि’, ‘केलें’ असे आहे, आणि उतरवणाऱ्याने मुळाबरहुकूम उतरवले असेल, व तसेच उतरवले पाहिजे, तर आजचा माणूस ‘नाव’ टाकून ‘नांव’ कधीच शोधू शकणार नाही. तत्सम शब्दांत अनुस्वाराऐवजी परसवर्ण लिहिण्याची मुभा तर आजही आहे : गोविंद आणि गोविन्द, चंपा आणि चम्पा, पांडुरंग आणि पाण्डुरङ्ग.

मोडीतून उतरवलेल्या नावांचे प्रकरण याहून गहिरे आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद सहसा पाळत नाहीत. इकाराला एक खूण, उकाराला एक खूण. अनुस्वारही पुष्कळदा गाळलेला असतो. म्हणजे यादीत ‘सिताराम’ आहे की ‘सीताराम’, हे मूळ लेखकाने ठरवलेलेच नाही. लिप्यंतर करणाऱ्याच्या सवयीने ते ठरले. जो भेद मूळ कागदात अस्तित्वातच नव्हता, त्या भेदापायी संगणक नोंद नाकारतो. एका दोरीत बांधलेल्या दोन रुमालांतली नावे दोघांनी उतरवली, तर एकाच माणसाची दोन नावे होतात.

यावरचा उपाय फार अवघड नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीशेजारी तिचे एक दुसरे रूप तयार करून ठेवायचे. मी त्याला शोधरूप म्हणतो. मूळ ओळीला धक्का लावायचा नाही, पडद्यावर नेहमी तीच दाखवायची. शोधणाऱ्याने टंकलेल्या शब्दावरही तेच संस्कार करायचे आणि शोधरूप शोधरूपाशी ताडायचे. शोधरूप कोणी वाचणार नाही, त्यामुळे ते शुद्ध असण्याची गरज नाही; फक्त दोन्हीकडे सारखे असले म्हणजे झाले. ‘संमेलन’ आणि ‘सम्मेलन’ एक करण्याच्या नादात ‘अम्मा’चे ‘अंमा’ झाले तरी बिघडत नाही. शोधणाऱ्याच्या ‘अम्मा’चेही ‘अंमा’च होणार आहे.

संस्कारांचा क्रम मात्र महत्त्वाचा. सर्वांत आधी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह या त्रिकुटाच्या जागी नुक्तेवाला र आणि हलन्त ठेवायचा. त्यानंतर नॉर्मलाइझ. मगच राहिलेली अदृश्य चिन्हे, म्हणजे ८२०५ आणि त्याचे भावंड ८२०४, पुसायची. हा क्रम उलटा केला आणि अदृश्य चिन्हे आधी पुसली, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगर समुद्रात जातो. पुढे ‘अ’वरचा चंद्र आणि ‘ऍ’ यांचा ‘ॲ’. मग परसवर्णाचा अनुस्वार : ङ् पुढे कवर्ग, ञ् पुढे चवर्ग, ण् पुढे टवर्ग, न् पुढे तवर्ग, म् पुढे पवर्ग असेल तरच. त्यामुळे ‘जन्म’, ‘वाङ्मय’, ‘अन्य’ सुखरूप राहतात. शब्दान्तीचा अनुस्वार काढायचा. दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करायचे. विसर्गाच्या जागी टंकलेला अपूर्णविराम विसर्गात बदलायचा. ‘दुःख’ हा शब्द अपूर्णविरामाने लिहिणारे टंकलेखक कमी नाहीत. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे एक करायचे, नाहीतर १९२३ सालची नोंद आकड्यांच्या लिपीमुळे हुकते. शेवटी दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटायच्या. ‘ट्रिम’ ही आज्ञा ते काम करते, एक्सेलमधून चिकटून आलेली न तुटणारी जागाही काढते, पण शून्य रुंदीची जागा तिला दिसत नाही. ती वेगळी पुसावी लागते.

ऱ्हस्व-दीर्घ एक केल्याचा एक अनपेक्षित लाभ झाला, तो सांगितलाच पाहिजे. मराठी नाम विभक्तीत जाताना बदलते. ‘कोल्हापूर’चे ‘कोल्हापुरास’ होते, पू चा पु होतो. तुकडा म्हणून ‘कोल्हापूर’ शोधला तर ‘कोल्हापुरास गेला’ ही नोंद एरवी हाती लागत नाही. शोधरूपात दोन्हीकडे ‘कोल्हापुर’च असल्याने ती आपसूक सापडते. पण सगळी सामान्यरूपे इतकी गुणी नाहीत. ‘सातारा’चे ‘साताऱ्यास’ होते, ‘पुणे’चे ‘पुण्यात’. ‘कऱ्हा’ टाकून पुस्तकांच्या यादीत आचार्य अत्रे यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ शोधू जावे तर ते मिळत नाही, कारण ‘कऱ्हा’चा काना ‘कऱ्हे’मध्ये उरलेलाच नाही. इथे मी शोधशब्दाच्या शेवटची मात्रा काढून उरलेल्या भागाने शब्दाची सुरुवात जुळते का, ते पाहतो, आणि त्या फेरीपुरती पलीकडच्या चिन्हाची अट सोडतो. ‘सातार’, ‘पुण’, ‘कऱ्ह’. ‘शब्दाची सुरुवात’ ही अट नसेल तर ‘पुण’ला ‘निपुण’ही लागतो. अट घालूनही पुणतांबे येतेच. येऊ द्यावे.

किती सैल सोडायचे, हा मात्र विवेकाचा प्रश्न आहे. ऱ्हस्व-दीर्घ एक केले की ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’ एकत्र येतात. सगळे अनुस्वार काढले की ‘पांच’ आणि ‘पाच’ जुळतात, पण त्याच वेळी गंगाची ‘गगा’ होते. ण आणि न, ळ आणि ल, श आणि स एक केले तर ‘शिताराम’ सापडतो, परंतु काळे आणि काले ही दोन घराणी एक होतात. नावांच्या शोधात हे परवडते, कोशाच्या शोधात परवडणार नाही. माझ्या पानावर तीन कडी आहेत. आतल्या कड्यात टंकल्याप्रमाणे तंतोतंत. मधल्यात वर सांगितलेले शोधरूप. बाहेरच्यात सगळे अनुस्वार गाळून, रफार आणि ‘ऱ्’ एक करून, ण-न, ळ-ल, श-स यांची भेळ करून. निकाल याच क्रमाने दिसतात आणि प्रत्येक कड्याला वेगळी पट्टी आहे, म्हणजे बाहेरच्या कड्यात मिळालेले नाव कोणी आतल्या कड्याच्या खात्रीने वापरू नये.

‘याहून सोपे, लेव्हेन्श्टाइनचे अंतर वापरा’ असा सल्ला हमखास मिळतो. व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडलेली ही कल्पना सुंदर आहे : एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती चिन्हे घालावी, काढावी वा बदलावी लागतात, ते मोजायचे. पण ते आपल्या चिन्हांवर लावून पाहा. ‘गोविंद’चा ‘गोविन्द’ करायला दोन बदल : अनुस्वाराचा न, आणि एक हलन्त जास्त. ‘राम’ची ‘रमा’ करायलाही दोनच : काना इथून काढला, तिथे घातला. एकाच माणसाच्या नावाची दोन लेखने, आणि पुरुष व स्त्री अशी दोन स्वतंत्र माणसे, यांतले अंतर या मापाने सारखेच भरते. अमेरिकेत १९१८ साली पेटंट झालेली साउंडेक्स पद्धत तर आद्याक्षरानंतरचे स्वर गाळून व्यंजनांचे गट करते. तिच्या धर्तीवर आपण चाललो तर राम, रमा आणि रामी एकाच कप्प्यात. इंग्रजी आडनावांसाठी घडवलेले साधन आहे ते. त्याचा दोष नाही. अंतर मोजायचेच तर आधी शोधरूप करावे आणि मग मोजावे, तेही शेवटचा उपाय म्हणून.

वेगाची धास्ती काही जण घेतात. शोधरूपे पान उघडताना एकदाच करून ठेवली, तर काही हजार ओळींवरून फिरायला आजच्या साध्या मोबाइललाही क्षण पुरतो. दर टंकलेल्या अक्षरागणिक शोध चालवायचा असेल तर एकच पथ्य : ‘गोविन्’ इथवर टाइप झालेले असताना पुढचा द आलेला नसतो, त्यामुळे परसवर्णाचा अनुस्वार होत नाही आणि यादी क्षणभर रिकामी दिसते. म्हणून शेवटचे चिन्ह हलन्त असेल तर मी मागचेच निकाल ठेवतो, नवा शोध लावत नाही. चौकट पूर्ण रिकामी असताना उलटे घडते. रिकामा तुकडा प्रत्येक ओळीत असतोच, असे जावास्क्रिप्ट मानते आणि सगळी यादी ओतते. तेव्हाही शोध लावायचा नाही.

राहिला मूळ प्रश्न, तिन्ही कड्यांत काहीच मिळाले नाही तर पडद्यावर काय लिहावे? मी ‘नोंद आढळत नाही’ असे लिहीत नाही. कोणती रूपे ताडून पाहिली ती ओळीने देतो, यादी कोणत्या गावांची आणि कोणत्या सालांची आहे ते देतो, वाळवीने खाल्लेली किंवा न लागलेली पाने किती आणि कोणती तेही देतो. त्याखाली आडनाव सोडून फक्त गाव आणि साल यांवरून सगळ्या ओळी पाहण्याची सोय आहे. बरेच जण ती वापरतात. बोट फिरवीत खाली खाली जातात, आणि अधूनमधून कोणी तरी थांबतो.